मोरिता-सान जागेवरून उठले नाहीत

मोरिता-सान गेल्याचं त्यांच्या पत्नीने फोनवर सांगितलं. "जेवता जेवता गेले. पण जागेवरून उठले नाहीत हं!" त्या स्थितीतही त्यांना नवऱ्याची थट्टा सुचली... आणि मला रडू आलं. ही थट्टा कळायला मागचं सांगायला हवं.

कंपनीने मला मुंबईहून जपानला, टोकियोजवळच्या उरायासुला पाठवलं, तेव्हा आमच्या खालच्या मजल्यावर हे खासदार राहत. भातशेतीच्या प्रांतातून निवडून आलेले. दर शरदात नव्या तांदळाची पिशवी घेऊन वर येत आणि माझ्या बायकोला, वसुधाला, बजावत, "यावर वरण ओतू नका. आधी नुसता खा." ती म्हणे, "आमच्यात नुसता भात आजारी माणूस खातो, मोरिता-सान."

मग परदेशी तांदळाला दार उघडणारा करार त्यांच्याच पक्षाच्या नेत्याने केला. संसदेत नेण्याआधी कराराला पक्षसमितीची मान्यता हवी होती, तीही एकमताने. हे एकमत कसं घडतं? विरोध असेल त्याने निर्णयाच्या वेळी उठून बाहेर जायचं. आत उरतील त्यांचं एकमत! एक जण जरी 'नाही' म्हणत बसून राहिला, तरी नेता अडतो. समितीतल्या बंडखोरांनी मोरिता-सानांच्या घरी साके पिता पिता, बैठकीत बसून राहण्याची शपथ घेतली. वसुधाची भजी मीच खाली नेत होतो. एका वीराने तर भाताची लोंबी हातात धरून भाषण ठोकलं.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी विचारताच सगळे वीर उठले. कुणाला फोन आला, बाकीच्यांना लघवीची घाई. "एवढ्या जणांना एकदम लागली," मोरिता-सान मला म्हणाले, "तिथे तेवढी जागा तरी होती का?" ते एकटे बसून राहिले. निर्णय लांबला. मग नेत्याने त्यांना समितीतूनच काढलं आणि करार एकमताने पुढे गेला. संसदेत त्यांनी विरोधात मत दिलं, पुढच्या निवडणुकीत पक्षाने तिकीट कापलं, ते अपक्ष उभे राहून पडले. लोंबीवाला आज मंत्री आहे.

शोकसभेत हाच मंत्री म्हणाला, "कराराच्या कठीण काळातही मोरिता-सान आमच्या एकमतात होते." माना डोलल्या. मोरिता-सानांच्या पत्नीने माझ्याकडे पाहिलं. पक्षाबाहेरचा आणि खरं माहीत असलेला मीच होतो. पण आमच्या कंपनीच्या परवानग्या त्याच मंत्र्याच्या खात्यातून येतात... मी उठलो आणि हात धुवायला गेलो. ज्या वीरांची इतकी वर्षं टवाळी केली, त्यांच्याइतक्याच सफाईने. नळ वाहत असताना सभेतून मोरिता-सानांच्या पत्नीचा बारीक आवाज आला. "नाही. ते बसून राहिले होते."

परवा त्यांनी तांदळाची पिशवी वर आणून दिली, मोरिता-सान आणत तशीच. वसुधाच्या हातात ठेवून दारातूनच परतल्या. वसुधाने भात लावला, वरणाचं पातेलं दूर ठेवलं. दोन घास झाले आणि फोन वाजला. ऑफिसचाच असणार. मी उठू लागलो.

"अहो, बसा," ती म्हणाली.

फोन वाजत राहिला. मी नुसता भात खात राहिलो.