मशीनने घेतलेला निरोप

शिलाई मशीन दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींना हौशी रेडिओचं, म्हणजे बिनतारी संचावरून दूरच्यांशी बोलायचं, भारी खूळ. दुकानामागच्या खोलीत संच, गच्चीवर तार, आणि डोंगरापलीकडच्या गावात एक जिवलग: चित्रकलेचे निवृत्त मास्तर, घरात एकटेच. रोज दुपारची जेवणं झाली की दोघांचा संपर्क व्हायचा. पूर्वी तोंडाने, हल्ली कॉम्प्युटरवरून. एकदा बटण दाबलं, की उत्तर येईपर्यंत मशीनच हाका घालत राहतं आणि पुढचंही ओळीने पाठवतं: तुझा आवाज किती जोरात येतोय, मिळालं, नमस्कार. माणसाने नुसतं बघत बसायचं. दोन गप्पिष्टांना या डब्याने मुकं करून टाकलं, असं मिस्त्रींची बायको म्हणायची.

त्या दुपारी मास्तरांच्या लेकीचा परगावाहून फोन आला. बोलता बोलता बाबांचा फोन तुटला, आता उचलतच नाहीत. शेजाऱ्यांना दार फोडायला सांगू का? मिस्त्रींनी पडद्याकडे पाहिलं आणि हसलेच. मास्तरांची हाक ढळढळीत समोर दिसत होती. त्यांनी उत्तर दिलं. आवाजाच्या जोराचा आकडा आला, पोच आली, निरोपाचा नमस्कारही आला.

"अगं, आत्ताच बोललो त्याच्याशी. ठणठणीत आहे. काळजी सोड."

बायको ताट उचलायला आली होती. तिने सहज विचारलं, "काय म्हणाले हो मास्तर?"

मिस्त्रींनी पडद्यावरच्या ओळी पुन्हा वाचल्या. मास्तर काहीच म्हणाले नव्हते. परवाच मिस्त्री स्वतः बटण दाबून दाढी करायला गेले होते, तेव्हा मशीनने परस्पर कुणाशी तरी नमस्कार-चमत्कार उरकून त्याला वाटेला लावलं होतं. त्यांनी मशीनचा क्रम तोडला आणि हाताने टाईप केलं, मास्तर आहेस का. एका निरोपात मावतात जेमतेम तेवढीच अक्षरं. पाठवलं, परत पाठवलं. पडदा कोरा तो कोराच.

चहाला उठला असेल का? उगाच दार फोडलं तर मास्तर जन्मभर डोकं खाईल. खाऊ दे मेला! त्यांनी फोन उचलला.

"पोरी, मी चुकलो. तो नव्हता, मशीन होतं. दार फोडायला सांग."

मग वाट बघणं आलं. बायको ताट हातात घेऊन तिथेच उभी राहिली. फोन वाजला तेव्हा मिस्त्रींना तो उचलवेना, तिनेच उचलला. मास्तर टेबलाखाली पडलेले सापडले होते, डावं अंग लुळं, पण श्वास चालू होता.

ते बोलण्याइतके सावरल्यावर मिस्त्री दवाखान्यात गेले. मास्तरांचं तोंड वाकडं झालं होतं, शब्द अडत होते.

"खाली पडून संचाची टिकटिक ऐकत होतो. तुझीच वेळ. मशीन नमस्कार करतंय... म्हटलं, हा गाढव खरं मानणार."

"मानलं होतं रे," मिस्त्री म्हणाले आणि भरल्या वॉर्डात ढसाढसा रडले.

आता दोघांचा संपर्क रोज होतो. मशीनचा नमस्कार झाला की मास्तर उजव्या हाताने एकेक अक्षर दाबत एक शिवी पाठवतात. शिवी आली नाही तर दार फोडायचं, असं ठरलंय.