आयसोनियाझिड आणि कुप्याचं कालवण

"टीबीच आहे," ओपीडीतल्या मॅडम म्हणाल्या. "मानेच्या गाठीचा. रिफाम्पिसिनला दाद देणारा आहे, ही चांगली बातमी."

मी विचारलं, "हे एवढ्या लवकर कसं कळलं?"

"आधी बस तरी," त्या म्हणाल्या.

मी बसले. आई मागे उभी होती, तिनं माझा खांदा इतका घट्ट धरला की गाठीपेक्षा खांदाच दुखायला लागला.

माझ्या गाठीतून सुईनं जेमतेम दोन थेंब पू काढला होता. त्याची काच आधी सूक्ष्मदर्शकाखाली बघितली, काही दिसलं नाही. काचेवर दिसायला जंतू भरपूर लागतात. मग उरलेला थेंब सीबीनॅट नावाच्या मशीनमध्ये गेला. हे मशीन अख्खा जंतू शोधत नाही, त्याच्या जनुकाचा तुकडा शोधतं. तुकडा थोडासाच असला तरी त्याच्या प्रती काढत काढत तो वाढवतं आणि दोनेक तासांत सांगतं, आहे की नाही. रिफाम्पिसिन हे मुख्य औषध चालेल का, तेही त्याच फेरीत कळतं. जंतू काचेच्या बाटलीत वाढवून बघायची जुनी पद्धत, तिला आठवडे लागतात.

हे ऐकून मला आनंद झाला आणि लगेच राग आला. कारण आधीचे दोन महिने मी केबिन रोडच्या एका दवाखान्यातून अँटिबायोटिक खात होते. "दातामुळे गाठ येते," असं सांगून त्या डॉक्टरांनी एक कोर्स दिला, मग दुसरा. मशीन शहरात होतं, गाठ माझ्या मानेत होती, मध्ये फक्त एक सुई हवी होती. ती कुणी टोचली नाही. तुमच्या मानेत गाठ असेल आणि दोन-तीन आठवड्यांत बसत नसेल, तर भिडस्तपणा करू नका. "सुईची तपासणी कधी करणार?" असं तोंडावर विचारा.

मी उत्तनची. आमचं घर मच्छीचं, आई बाजारात बसते. मी पाण्यासाठी, आरोग्य केंद्रासाठी पत्रकं लिहिते, वाटते, लोकांशी भांडते. आता भांडण माझ्या स्वतःच्या शरीरात सुरू झालं होतं.

माझ्या वजनाला रोज तीन गोळ्या. एकेका गोळीत चार औषधं: आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, इथॅम्ब्युटॉल. सकाळी उपाशीपोटी. लघवी केशरी झाली, ते कुणीतरी आधी सांगितलं होतं म्हणून घाबरले नाही. मी वही केली. तारीख, गोळी, ताप, वजन, जेवण.

नवव्या दिवशी दुपारी तोंड पेटलं. म्हणजे अक्षरशः. जेवून भांडी घासत होते, तर कानापासून गळ्यापर्यंत लालभडक, डोकं ठणकतंय, छातीत धडधड. आईनं आरसा आणून दाखवला. डोळे ताडी प्यायल्यासारखे. तीन तासांत सगळं उतरलं. दोन दिवस काही नाही. मग परत. मग चार दिवसांनी परत.

मॅडम म्हणाल्या, "औषधाची ॲलर्जी असू शकते. धोका नको." मला वॉर्डात दाखल केलं. सगळ्या गोळ्या बंद, आणि मग एकेक औषध थोडं थोडं करून परत सुरू. याला री-चॅलेंज म्हणतात. चोर कोण ते ओळखायला एकेकाला आत सोडून बघायचं. वॉर्डात वरण, भात, दुधी. दहा दिवसांत चारही औषधं आत आली, पूर्ण डोसात. मी लाल झाले नाही. खाज नाही, धडधड नाही.

फेरीवर आलेला एक ज्युनियर डॉक्टर हसून म्हणाला, "ताई, टेन्शन घेऊ नका. कधीकधी मनाचं असतं."

मी म्हटलं, "माझं मन बरोब्बर जेवणानंतरच लाल होतं का?" तो पुढच्या खाटेकडे गेला. मीच बोलले ते वाक्य, आणि मलाच त्याचा अर्थ लागला नाही. पत्रकं लिहिणाऱ्यांची ही सवय वाईट. वाक्य चांगलं जमलं की आपण ते तपासत नाही.

घरी आले. आईनं पोरगी सुटली म्हणून कुप्याचं कालवण केलं. तासाभरात माझं तोंड पेटलं.

या वेळी मॅडम गंभीर होत्या. "आणखी एकदा झालं तर एक औषध काढावं लागेल. माझा पहिला संशय आयसोनियाझिडवर आहे. ते काढलं तर उपचार बदलतील, कदाचित लांबतील. दुसरी औषधं येतील, त्यांचे त्रास वेगळे." आयसोनियाझिड म्हणजे या जंतूला झपाट्यानं मारणारं औषध. ते हातचं जाणं म्हणजे काय, हे मी तोवर पुरेसं वाचलं होतं. त्या रात्री मला पहिल्यांदा भीती वाटली.

त्याच आठवड्यात मी ओपीडीत गेले तेव्हा औषधशास्त्र विभागातला एक निवासी डॉक्टर फॉर्म घेऊन आला. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करायचा फॉर्म असतो, तो पेशंटही भरू शकतो. हे मला माहीत नव्हतं, आणि मी आरोग्यावर पत्रकं लिहिते! डॉक्टर गुजराती, मराठी तोडकं पण नेटानं बोलणारा. आई शेजारी बसली होती.

"ज्या दिवशी झालं, त्या दिवशी काही अलग खाल्लं?"

"नाही. नेहमीचंच."

हे उत्तर मी आधी तीन डॉक्टरांना दिलं होतं. वहीतही तेच होतं. जेवण: नेहमीचं. जेवण: नेहमीचं.

त्यानं पेन थांबवलं. "नेहमीचं म्हणजे काय? मी घरी नेहमीचं खातो ते खिचडी-कढी."

आई हसली. "मच्छी. दुसरं काय असनार?"

"रोज?"

"सोमवार सोरून."

खरंच, मच्छी सांगायची असते हे आमच्या घरात कुणाला सुचणारच नाही. आज काय वेगळं खाल्लंस, असं विचारलं तर आम्ही पनीर सांगू, केक सांगू.

"कुठली मच्छी?" त्यानं विचारलं. फॉर्मवर तेवढी जागाच नव्हती, त्यानं कागद उलटा केला.

आईनं माझी वही ओढली. तिला तारखा कळत नाहीत, पण मी वार सांगितला की त्या दिवशी बाजारात काय विकलं ते तिला पाठ असतं. "ह्या दिवशी कुपा. ह्या दिवशी बोंबील. हा बी बोंबील. मांदेली. ह्या दिवशी बांगडा." तोंड पेटलेल्या दिवसांवर मी केलेल्या लाल खुणा चार होत्या. तीन कुप्यावर, एक बांगड्यावर. बोंबलाच्या दिवसांवर एकही नाही.

त्यानं समजावलं ते असं. कुपा (म्हणजे ट्यूना), बांगडा यांसारखे मासे बर्फाविना राहिले की त्यांच्या मांसात हिस्टामाइन तयार होतं. हे एक रसायन, ॲलर्जीत आपल्याच शरीरात सुटतं तेच. शिजवून ते नाहीसं होत नाही. आपल्या आतड्यात ते मोडून टाकणारं एन्झाइम असतं, म्हणजे रसायन तोडणारा कामगार. आयसोनियाझिड त्याच कामगाराचे हात बांधतं. म्हणून घरातल्या सगळ्यांनी तेच कालवण खाल्लं आणि पेटले मी एकटी. वॉर्डात मासा नव्हता म्हणून काही झालं नाही.

"म्हंजे माझी मच्छी खराब?" आई उसळली. "आरं बाला, दर्यावर वाढलेली पोर हाय ती!"

"नाही मावशी, खराब नाही. थोडं असतं, इतरांना कळतपण नाही."

आईनं वही मिटून माझ्या मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "कुपा कदी जिभेवर चुरचुरतो. मिरी चावल्यावानी. तो आमी इकत न्हाय, टाकतो."

डॉक्टरनं मान वर केली. "ते हिस्टामाइनच असतं. कधीपासून माहितीये तुम्हाला?"

"माझ्या आयला बी म्हाईत व्हतं."

पुढची वीस मिनिटं मी खोलीत नसल्यासारखी होते. कुठली बोट किती दिवस बाहेर राहते, बर्फ कधी संपतो, आधी ओढलेली मच्छी खाली राहते की वर, सुक्या बांगड्याचं काय, तो विचारत होता आणि आई सांगत होती. बाहेर थांबलेल्या पेशंटनं दार दोनदा ठोठावलं.

मला लगेच प्रयोग करायचा होता. कुप्याचा एक तुकडा, फक्त एक. डॉक्टरनं हात जोडले. "घरी प्रयोग नाही, प्लीज. धडधड वाढली तर?" तेव्हा तुम्हीही करू नका. आणि मासे बंद की गोळ्या बंद, हे स्वतः ठरवू नका. मनानं थांबवलेली गोळी जंतूला औषधाला दाद न द्यायला शिकवून सोडते.

मॅडमनी आयसोनियाझिड ठेवलं. अट एकच, महिनाभर कुपा, बांगडा, सुरमई आणि सुकं काहीही नाही. तरी लाल झाले तर औषध जाणार. तो महिना मी रोज जेवल्यावर आरशासमोर उभी राहायचे. आई वाडग्यात बोंबील वाढून माझ्या कानांकडे बघत बसायची. पंधरावा दिवस, विसावा दिवस, तिसावा दिवस. कान कानाच्याच रंगाचे. मॅडमनी केसपेपरवर ॲलर्जीचा शिक्का मारला नाही. त्यांनी लिहिलं: आयसोनियाझिड चालू, कुपा-बांगडा टाळणे.

सहा महिने पूर्ण झाले. गाठ वाटाण्याएवढी उरली आहे, तशी राहू शकते म्हणतात. जिनं सुई टोचली ती पॅथॉलॉजीची डॉक्टर, ज्यानं फॉर्म उलटा केला तो डॉक्टर, शंका आली तरी घाई न करणाऱ्या मॅडम, यांचे आभार मानायला मला पत्रकाची भाषा चालत नाही. ती भाषा फक्त मागायला शिकलेय मी. विचारायला आता शिकतेय.

परवा आईच्या पाटीपाशी उभी होते. तारोडीहून एक ओळखीची बाई आली, कुप्याकडे बोट दाखवून म्हणाली, "अर्धा दे." आई सुरी उचलता उचलता थांबली, तिच्याकडे वाकली आणि हळूच म्हणाली, "घरात कोनाला रोजच्या गोल्या हायत का गो? सकाली उपाशीपोटी घेतात त्या?"

बाई दचकली. मग तितक्याच हळू म्हणाली, "नवऱ्याला."

आईनं कुपा बाजूला सारला आणि बोंबील मोजायला घेतले.