घाटंजीच्या काकू आणि परीक्षेचं फाटक

घाटंजीतल्या आमच्या शेजारच्या काकू परीक्षेला निघालेल्या पोरांना कधी शुभेच्छा देत नाहीत. "पानी पेलं काय?" एवढंच विचारतात. गल्लीतली पोरं मेडिकलच्या परीक्षेला यवतमाळला निघाली की जीपमध्ये पुढची जागा काकूंची. पिशवीत कात्री, खोबरेल तेल आणि जास्तीच्या चपला. लांब बाह्या फाटकावर चालत नाहीत, हे दरवर्षी कुणीतरी विसरतंच.

यंदा माझी पोरगी अडली. दागिना घालून आत सोडत नव्हते आणि तिच्या नाकातली मुरणी काही केल्या निघेना. फाटक लागायची वेळ झाली. मी रडकुंडीला आले.

"तू बाजूले हो वो," काकू मला म्हणाल्या. तेल लावून त्यांनी मुरणी अलगद फिरवून काढली आणि पोरीला आत ढकललं. एवढीशी वस्तू पिशवीत हरवेल म्हणून त्यांनी ती स्वतःच्या नाकात घातली. काका गेल्यापासून ते नाक रिकामंच होतं.

पेपर चांगला गेला. पोरगी हसतच बाहेर आली. काकू घाईघाईने मुरणी काढू लागल्या, तर तिने त्यांचा हात धरला. "राहू द्या ना काकू. घरी गेल्यावर काढजा."

काकू पुढे बसल्या. घाटंजी येईपर्यंत त्यांनी कुणालाच पाणी विचारलं नाही. जीपच्या आरशात बघत होत्या.