बर्फावरच्या पोरासाठी नारळ

गुंडू धुरीला बर्फाची ओळख होती ती बांगड्यापुरती. मालवणच्या बंदरावर होड्या लागल्या की लाद्या फोडायच्या, मासळीवर थर द्यायचा आणि ट्रक हाकायचा. बर्फाला याहून दुसरा काही उपयोग असतो, हे त्याला वयाच्या एकतिसाव्या वर्षी कळलं, आणि तेही बहरीनच्या उकाड्यात. अमेरिकेत म्हणे कॉलेजातली पोरं पायाला पाती बांधून बर्फावर हॉकी खेळतात. हे ऐकल्यावर त्याचा पहिला प्रश्न होता, "मगे मासे खंय ठेवतत?"

एकोणीसशे एक्क्याऐंशी साल होतं. बहरीनच्या जुफैरला जहाजांची इंजिनं दुरुस्त करणारी एक अमेरिकन कंपनी होती, तिथे गुंडू टेलेक्सवर बसायचा. टेलेक्स म्हणजे तारेला जोडलेलं टाइपरायटरसारखं यंत्र. सातासमुद्रापलीकडे कुणी बटणं दाबली की इथे कागदावर अक्षरं टकटक उमटायची. मुंबईच्या टायपिंग क्लासात गुंडूने बोटं झिजवली होती आणि आकडा चुकवायचा नाही ही त्याची शपथ होती. इंजिनाच्या सुट्या भागाचा नंबर एका आकड्याने चुकला तर जहाज आठवडाभर बंदरात पडून राहतं, हे तो नव्या माणसाला नोकरीच्या पहिल्याच दिवशी सुनवायचा.

यंत्राच्या वरच्या भिंतीवर त्याने दोन गोष्टी टाचणीने लावल्या होत्या. एक म्हणजे पावलांचे कागद. बायको मथुरा दर सहा महिन्यांनी मुलीचं पाऊल वहीच्या कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवायची आणि पत्रातून पाठवायची, म्हणजे इकडून चपला घेताना माप चुकायला नको. मंगल सव्वादोन वर्षांची झाली होती. तिच्या बापाने तिला अजून पाहिली नव्हती. असे चार कागद होते, एकाहून एक मोठे, आणि गुंडू रोज सकाळी त्यांच्याकडे पाहूनच यंत्राचं झाकण काढायचा.

दुसरी गोष्ट होती कॉलेज हॉकीचा तक्ता. ती साहेबाची.

साहेब म्हणजे मिस्टर लिंडक्विस्ट. एवढं लांबलचक नाव कुणाच्याच जिभेवर ठरेना, म्हणून सगळ्यांनी त्याचा लिंडसाहेब करून टाकला. माणूस साडेसहा फुटी, लालबुंद आणि मनाने लोण्यासारखा, पण सोमवारी मात्र त्याच्या वाऱ्याला उभं राहायची सोय नव्हती. त्याचा मुलगा पाइन फॉल्स नावाच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होता. मोठा गोलरक्षक हात मोडून बसला, म्हणून या कोवळ्या पोराला जाळ्यासमोर उभं केलेलं. सामने तिकडे शुक्रवारी आणि शनिवारी व्हायचे. सोमवारी अमेरिकेत ऑफिस उघडलं की हेड ऑफिसची टेलेक्सबाई आठही कॉलेजांचे निकाल पाठवायची. इकडे तेव्हा संध्याकाळ झालेली असायची. साहेब गुंडूच्या खुर्चीमागे उभा राहून कागदाकडे असा बघायचा, जणू यंत्राला दमदाटी केली तर आकडे बदलतील.

मोसमाच्या पहिल्या तीन आठवड्यांत पाच सामने झाले आणि पाचही हरले. पोराच्या जाळ्यात सत्तावीस गोल गेले. जिंकलं तर दोन गुण, बरोबरी झाली तर एक. पाइन फॉल्सच्या नावापुढे गुंडू दर सोमवारी शून्य टाइप करायचा आणि तक्ता नव्याने टाचायचा. आठ ओळी होत्या, आठवी साहेबाची.

हिशेबखात्यातला राजन पुण्याचा. त्याला कुठल्याही गोष्टीत चूक दिसल्याशिवाय चहा गोड लागत नसे. सगळ्यांचे सामने सारखे झाले नाहीत तोवर अशा तक्त्याला काही अर्थ नसतो, असं तो ठासून सांगायचा. पंगतीत अजून मीठच वाढलंय आणि तुम्ही पोट भरलं का विचारताय. बोलणं खरं होतं, पण साहेबाला ते सांगायची हिंमत राजनलाही झाली नाही.

इथे गुंडूचा जीव अडकला होता. गावच्या रवळनाथाची जत्रा डिसेंबरात होती. तीन वर्षं तो घरी गेला नव्हता. मागच्या खेपेला बदली माणूस मिळाला नाही म्हणून रजा हुकली होती. यंदा बदलीला माणूस तयार होता, अर्ज तयार होता, फक्त साहेबाची सही हवी होती. पण रजेचे कागद सोमवारीच पुढे ठेवायचे असा ऑफिसचा रिवाज, आणि सोमवारी साहेब हरलेला असायचा. तीनदा गुंडूने अर्ज पुढे सरकवला, तीनदा साहेबाने न वाचता तो खणात ढकलला आणि पुढच्या आठवड्यात बघू म्हणून सांगितलं. तिसऱ्या खेपेला गुंडू खोलीवर आला तो जेवलाच नाही. पाचवं पाऊलही कागदावरच बघायचं की काय, हा विचार त्याला कुरतडत होता.

आता कोकणातला माणूस असा सगळीकडून अडला की काय करतो? तो गाऱ्हाणं घालतो. देवासमोर उभं राहायचं, खणखणीत आवाजात अडचण सांगायची, आणि जमलेल्यांनी प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून दुजोरा द्यायचा. गावाने एका आवाजात मागितलं की देवाला नाही म्हणायला जड जातं, हा त्यातला हिशेब. गुंडूने शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी दुपारी आंघोळ केली, खोलीतल्या रवळनाथाच्या तसबिरीपुढे उदबत्ती लावली आणि हाताला लागतील ती माणसं गोळा केली. राजन आला तो गंमत बघायला. साहेबाचा ड्रायव्हर इक्बाल हर्णैचा, त्याला गाऱ्हाणं ठाऊक होतं, तो मांडी ठोकून पुढेच बसला. शेजारच्या खोलीतले चार मल्याळी वेल्डरही दारात येऊन उभे राहिले.

गुंडूने छाती भरून घेतली.

"बा देवा म्हाराजा! समुद्रापलीकडे अमेरिकेत आमच्या सायबाचो झील बर्फार उभो आसा."

"व्हय म्हाराजा!"

"तेच्या जाळ्यात जी काय काळी चकती घुसता, ती भायरच्या भायर परतवन लाव. तेचो संघ आठात आठवो पडलो आसा, तेका वर काढ."

"व्हय म्हाराजा!"

"आणि तो वर इलो, तर सायब आपल्या हातचो नारळ तुझ्या जत्रेक दितलो रे म्हाराजा!"

इक्बाल "व्हय म्हाराजा" म्हणाला आणि खात्री असावी म्हणून त्याने पुढे "इंशाल्ला" जोडलं. वेल्डरांना एव्हाना सूर सापडला होता, त्यांनी एक "व्हय म्हाराजा" जादाच घातला. राजनने मात्र बोट वर केलं. साहेबाला न विचारता साहेबाच्या नावाने नवस बोलणं कुठल्या नियमात बसतं, असा त्याचा सवाल होता. गुंडूने ऐकून न ऐकल्यासारखं केलं, आणि रजेच्या सहीचं काय ते देवाला हळूच, एकट्याने सांगितलं.

सोमवारी संध्याकाळी यंत्र टकटकलं. तीन-दोन, पाइन फॉल्स. त्याखाली चार-एक, पाइन फॉल्स.

गुंडूचा आकड्यावर विश्वास बसेना. त्याने उलट तारेने विचारून घेतलं. तिकडच्या बाईने तेच आकडे पुन्हा पाठवले. साहेबाने खुर्चीसकट गुंडूला गर्रकन फिरवलं, एकदा नव्हे, चारदा, आणि कुणाला काही कळायच्या आत हिशेबखात्यात जाऊन राजनच्या डोक्यावर पापी दिली. त्या दिवशी शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळ्यांना बाहेरून समोसे आले. आठवी ओळ सहावी झाली होती. गुंडूने गरम तव्यावर पोळी टाकावी तसा अर्ज साहेबाच्या टेबलावर टाकला.

साहेबाने पेन काढलं, टोपण उघडलं, अर्ज या वेळी नीट वाचला आणि पेन बंद केलं. इक्बालने सकाळी गाडीत सगळी हकिगत त्याला रंगवून सांगितली होती.

"तू गेलास तर शुक्रवारी देवाशी बोलणार कोण?" साहेब म्हणाला.

गुंडूला वाटलं चेष्टा आहे. ती चेष्टा नव्हती. त्या दिवशीचा टाय साहेबाने शकुनाचा म्हणून पुढे आठवडाभर उतरवला नाही, असा माणूस हाती लागलेलं गाऱ्हाणं थोडंच सोडणार? करायला गेला गणपती आणि झाला मारुती. ज्या देवाने रजा मिळवून द्यायची, त्याच देवाच्या कृपेने गुंडू खुर्चीला पक्का बांधला गेला.

पुढच्या शुक्रवारी साहेब स्वतः हजर. बूट बाहेर काढून, हिरव्या मोज्यांत, गुडघे कानाला लागतील असा बसलेला. त्याचं "व्हय म्हाराजा" सगळ्यांच्या आधी आणि सगळ्यांहून मोठं यायचं, कधी वाक्य संपायच्या आतच. एकदा तर गुंडू नुसता खोकला, तरी साहेबाने दुजोरा दिला. मल्याळी वेल्डर हसून लोळायचे बाकी राहिले. आणि सोमवारी पुन्हा दोन विजय. आठ गुण, चौथी जागा. गोदीतले फिलिपिनो, सामान पोचवणारा मुहर्रकचा दुकानदार, जो तो टेलेक्सच्या दाराशी येऊन तक्ता विचारू लागला. ज्यांनी जन्मात बर्फ सरबतातच पाहिला, ती माणसं एका गोलरक्षकाच्या नावाने नाचत होती. गुंडूही नाचला. मग खोलीवर जाऊन त्याला रडू आलं, आणि आपण नेमके कशाला रडतोय हेही त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्यापुढच्या आठवड्यात एकच सामना होता. निकाल आला, दोन-दोन. बरोबरी.

नऊ गुण झाले होते आणि पाइन फॉल्स तिसरं आलं होतं. तरी साहेबाचा चेहरा पडला. विजयाची सवय लागलेल्याला बरोबरी हरल्यासारखी लागते. हे काय झालं, असं त्याने गुंडूला विचारलं. गुंडूच्या तोंडून जे निघालं ते त्याच्या डोक्यातलं की देवाने सुचवलेलं, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

"साहेब, ही आठवण आहे. नवस बोललो होतो, संघ वर आला तर तुमच्या हातचा नारळ. संघ वर आला. नारळ कुठे आहे?"

हा नारळ टपालाने जाईल का, असं साहेबाने विचारलं. नाही, गुंडू म्हणाला, तो देवापुढे माणसाने न्यावा लागतो. मग साहेबाची नजर भिंतीवर गेली. तक्त्याशेजारचे पावलांचे कागद त्याने कितीतरी सोमवार पाहिले होते, पण ते काय आहेत हे आजच विचारलं. गुंडूने सांगितलं. साहेबाने चारही पावलांवरून एकेक करून बोट फिरवलं, लहानापासून मोठ्यापर्यंत. आपण मुलाला बर्फावर शेवटचं पाहिलं तेव्हा तो चौदा वर्षांचा होता, असं तो म्हणाला. त्यानंतर फक्त आकडे. खणातून अर्ज काढून त्याने सही केली, ती इतकी दाबून की खालच्या कार्बनचाही कागद फाटला.

नारळ साहेबाने मनामाच्या बाजारात जाऊन स्वतः निवडला. दुकानदार केरळचा, नारळही केरळचा. तो कोकणात न्यायचा, म्हणजे समुद्राला मीठ नेऊन देण्यासारखं, पण हात साहेबाचा होता आणि नवसाला हातच लागतो. साहेबाने तो नारळ रुमालात गुंडाळून वर संघाच्या नावाची चिठ्ठीसुद्धा चिकटवली.

मुंबईच्या विमानतळावर कस्टमवाल्याने गुंडूची बॅग उघडली. टेप रेकॉर्डर, साड्या, बाळपावलांच्या मापाच्या लाल चपला बाजूला झाल्या आणि नारळ हातात आला. आखातातून मालवणात नारळ? कस्टमवाल्याची भुवई टाळूला गेली. आत सोनं असणार, फोडा म्हणाला. गुंडूने दोन्ही हातांनी नारळ धरला. देवापुढे फुटायच्या आधी फुटला तर सगळंच फुकट, रजासुद्धा. हवं तर मला आत टाका, पण नारळ फुटणार नाही, असं तो म्हणाला, आणि मग सगळी हकिगत, सत्तावीस गोलांपासून बरोबरीपर्यंत, एका दमात सांगून मोकळा झाला. मागे रांग थांबली होती. अधिकाऱ्याने नारळ कानाशी नेऊन हलवला. आत पाणी वाजलं.

"सोन्याला पाणी सुटत नाही," तो म्हणाला. मग बॅगेवर खडूची खूण करताना त्याने हळूच विचारलं, "सध्या कितवे आहेत?"

"तिसरे," गुंडू म्हणाला, आणि धावतच सुटला.

घरी मंगल त्याला बघून मथुरेच्या पदरात शिरली ती दोन दिवस बाहेर आली नाही. लाल चपला तिने पळवल्या, पण देणाऱ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. पाऊल कागदावर काढल्यापासून पुढे गेलं होतं, टाचा मागे बाहेर राहत होत्या.

जत्रेला देवळासमोर गाव जमलं. गावच्या वतीने बोलणाऱ्या गावकराने साहेबाचा नारळ हातात घेऊन गाऱ्हाणं घातलं आणि अमेरिकेतल्या पोराचा संघ वर राहू दे म्हणून मागितलं. गाव "व्हय म्हाराजा" म्हणालं. तेव्हा गुंडूला राहवलं नाही, तो मधेच ओरडला, "आणि तो पोर बापाशीच्या डोळ्यांक दिसांदे रे म्हाराजा!" गाव पुन्हा "व्हय म्हाराजा" म्हणालं आणि थांबलं. त्या शांततेत मथुरेच्या कडेवरून एक बारीक आवाज उशिराने, एकटाच आला, "व्हय म्हालाजा."

सगळं देऊळ हसलं. मंगलला आपण काहीतरी फार मोठं केलंय असं वाटलं. गुंडूने फुटलेल्या नारळाचा तुकडा पुढे केला, तो तिने घेतला, आणि तुकड्यामागून ती सबंधच त्याच्याकडे आली. गुंडूने तिला उचललं ते जत्रा संपेपर्यंत खाली ठेवलं नाही.

चार दिवसांनी पोस्टमन तार घेऊन आला. ती बहरीनची असेल म्हणून गुंडूने उघडली, तर ती अमेरिकेहून आली होती. साहेबाची. सहा-एकने हरलो, पाचवे झालो, सहाही गोल मी समोर बसून पाहिले, असं तिच्यात होतं. खाली देवाला धन्यवाद होते.

मथुरेने दोनदा वाचायला लावली.

"हरले, तरी सायब इतको खुशीत कसो?"

"तेका झील गावलो," गुंडू म्हणाला.

अंगणात मंगल लाल चपला फटफटवत चालली होती. त्या आता तिला होत नव्हत्या, आणि ती काढू देत नव्हती.