एकट्याची याचिका

कलमकाकांना फुकटची गोष्ट घेता येत नसे. वाण्याने चुकून जास्तीची काडीपेटी टाकली तरी ती परत द्यायला जात. कुणी काही देऊ केलं की प्रश्न ठरलेला: "कोणत्या कलमाखाली?" जन्मभर कोर्टात कारकुनी केलेली, निवृत्तीनंतरही कोर्ट काही अंगातून गेलं नव्हतं. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीने त्यांचं बारसं केलं ते यावरूनच.

निवडणुकीत उमेदवार दारात आला की आम्ही हसून हात जोडायचो आणि त्याला वाटेला लावायचो. काका त्याला खुर्ची द्यायचे. "तुम्ही मला पाकीट दिलंत तर ती लाच. मग निवडून आल्यावर सरकारी तिजोरीतून महिन्याला पैसे देईन म्हणालात, तर ते काय?" उमेदवार पाणीही न पिता उठायचा. "काका, तुम्ही पण ना," एवढंच जिना उतरताना म्हणायचा.

निवडणूक झाली आणि बायकांच्या खात्यात महिन्याला पैसे खरंच सुरू झाले. काकांनी त्याविरुद्ध कोर्टात याचिका लिहायला घेतली. त्यांना डबा द्यायच्या लताताई. काकू गेल्यापासून काकांपाशी रोज पाच मिनिटं बसणारं माणूस ते एकच. ताईंच्याही खात्यात पैसे येत होते. याचिकेचं कळल्यावर त्या म्हणाल्या, "काका, तुमची पेन्शन चालू आहे ना? मग माझेच पैसे डोळ्यात कशाला खुपतात?"

"तुम्हाला मिळायलाच हवेत. पण हक्काने. मताच्या बदल्यात नाही."

दुसऱ्या दिवसापासून डबा कडीला अडकवलेला असे. वेळ तीच, चवही तीच; बसणं तेवढं बंद झालं. सोसायटीनेही बोलणं टाकलं. काका इतके एकटे पडले की मी जिन्यात दिसलो तरी त्यांचा चेहरा खुलायचा, आणि मलाच अवघडल्यासारखं व्हायचं.

एकदा त्यांनी बोलावून कागद पुढे केला. अर्जदार क्रमांक एक, त्यांचं नाव. क्रमांक दोनची जागा रिकामी. "वय झालंय माझं. मागे कुणी असलेलं बरं." माझ्या बायकोलाही पैसे येत होते. "बघतो," म्हणालो, आणि त्यांच्या दारावरून जायला नको म्हणून लिफ्टने जाऊ लागलो. शेवटी त्यांनी एकट्याच्याच नावाने याचिका दाखल केली.

सुनावणीच्या आधीच काका गेले. त्यांनी वकिलांना माझा नंबर देऊन ठेवला होता. वकील फोनवर म्हणाले, "अर्जदार एकटेच होते. त्यांच्या जागी तुम्ही येत असाल तर पुढे चालवतो. नाहीतर इथेच संपेल."

मी नाही म्हणालो. फोन ठेवल्यावर मला चक्क हायसं वाटलं. त्याची लाज अजून जात नाही.