हाक माझी, ओ तिची

आधीच सांगते — या सदरातले अनुभव मी वाचते ते निव्वळ करमणूक म्हणून. ऑफिसच्या बसमध्ये वेळ जातो, एवढंच. भूत, आत्मा, संकेत... यातलं काही मी कधी मानलं नाही, घरात कुणी मानलेलं खपवूनही घेतलं नाही. त्यामुळे आज मीच इथे लिहायला बसले आहे याचं मलाच नवल वाटतंय. आणि खरं सांगायचं तर अनुभव मला आलाच नाही. तो माझ्याबरोबर आलेल्या बाईला आला. माझी तक्रार आहे ती तीच.

नावं बदलली आहेत. बाकी सगळं जसं घडलं तसं.

माझी आई कुंभकोणमची. शिवरायांच्या भावाबरोबर तंजावरकडे जी मराठी घरं गेली आणि तिथलीच होऊन गेली, त्यांपैकी एक घर तिचं. लग्न होऊन पुण्याला आली आणि पुढे माहेरी फारशी गेलीच नाही. आजी-आजोबा लवकर गेले, घर विकलं गेलं. मी तर ते गाव कधी पाहिलंच नव्हतं.

आईच्या शेवटच्या दोन वर्षांत तिला पक्षाघात झाला आणि वाचा गेली. ती पुण्याला माझ्या धाकट्या भावाकडे, नितीनकडे होती. मी बंगळुरूला. रजा मिळेल तशी जायचे. पण गेले की काय दिसायचं? आई डाव्या हाताची दोन बोटं उचलायची आणि माझी भावजय सुनीता लगेच पंखा कमी करायची. आई भुवई हलवायची, ही रेडिओ लावायची. मला काही म्हणजे काही कळायचं नाही. मी विचारायचे, "आई, पाणी हवंय का?" आणि सुनीता आतून ओरडायची, "नाही हो ताई, त्या म्हणतायत तुम्ही जेवून घ्या." म्हणतायत! माझी आई, आणि दुभाषी कराडची.

सुनीता वाईट नाही, उलट फारच चांगली आहे. चांगल्या माणसाचा हेवा वाटतो तेव्हा तो बाहेर काढायला जागाच नसते.

आईचं वर्षश्राद्ध झालं आणि मी ठरवलं, एकदा कुंभकोणमला जाऊन यायचं. एकटीनेच. पण नितीन म्हणाला, "हिलाही ने ना ताई. आईच्या आजारपणापासून घराबाहेर पडली नाहीये." यावर नाही कसं म्हणणार?

गेलो. पोंगल नुकताच होऊन गेला होता, दारांपुढच्या रांगोळ्या अजून पुसल्या नव्हत्या. तिथे वसुधा नावाची एक मुलगी आहे. आमच्यासारख्याच तंजावरी मराठी घरातली. आठवडाभर कॉम्प्युटरवर काम करते आणि रविवारी लोकांना अर्ध्या दिवसाची सहल घडवते. अर्धं गाव दाखवायचं, अर्धं गावाचं दुःख. ती तसंच म्हणते — देवळं तर सगळेच दाखवतात, इथं माणसं कशी मेली तेही कुणी सांगायला नको का? आमच्याबरोबर नागपूरचे एक निवृत्त काका-काकू होते. बस, एवढेच चौघे.

महामहम तळ्याच्या काठापासून सुरुवात झाली. मग पितळी भांड्यांची गल्ली, तिथून कॉफी. वसुधाची मराठी ऐकून काकूंना हसू आवरेना. "बैसा की, उभ्या कां? कॉफी प्या, मग जांव." जुन्या पोथीतली बाई जीन्स घालून आल्यासारखं वाटत होतं. मी मात्र हसले नाही. आई फोनवर तिच्या बहिणीशी अशीच बोलायची. आमच्याशी कधी नाही. आमच्याशी शुद्ध पुणेरी.

वसुधाने घरून डबा आणला होता, त्यात डांगर पच्चडी होती. उडदाचं भाजलेलं पीठ दह्यात कालवलेलं. सुनीताने एक घास घेतला आणि तिचे डोळे भरून आले.

"आई अशीच करायच्या," ती म्हणाली.

"कधी?" मी विचारलं.

"नेहमी... बाबा गेल्यानंतर. बाबांना आवडायची नाही ना."

मी ती पच्चडी आयुष्यात पहिल्यांदा खात होते. आणि त्यानंतर वसुधा चालायला लागली ती सुनीताच्या शेजारून. आई फोडणीत काय घालायच्या, आई नवऱ्याला काय म्हणायच्या, आईंना कावेरीचं स्वप्न पडायचं... सुनीता सांगत होती आणि वसुधा हुंकार देत होती. मी मागे, नागपूरच्या काकांबरोबर. काका मला त्यांच्या गुडघ्याबद्दल सांगत होते.

शेवटचा टप्पा मेलकावेरी, गावाचा नदीकाठचा भाग. आईचा जन्म इथला. वसुधाने गल्ली दाखवली, पण घराच्या जागी आता दातांचा दवाखाना होता. मी उगाच त्याचा फोटो काढला. मग नदीवर गेलो. दगडी पायऱ्या, त्यांच्या टोकाला पाण्याला लागून एक जुना मंडप. अर्धं छप्पर पडलेलं, पुढे लोखंडी जाळी आणि कुलूप. नदीला पाणी बऱ्यापैकी होतं.

"पटकीची साथ यायची ना, तेव्हां आजारी माणसांस इथें आणून ठेवीत," वसुधा सांगू लागली. "यात्रेस आलेले, गांवातले, सगळे. घरच्यांस आंत जाऊं देत नसत. मग ते या पायऱ्यांवर उभे राहून नांव घेऊन हाक मारीत. आंतून ओ आली तर माणूस आहे. नाहीं आली तर... हें कुठें लिहिलेलं नाहीं हं. आमच्या घरांत सांगतात. माझ्या पणजीच्या आईस तिची आई रोज हाक मारी. एक दिवस ओ आली नाहीं, पण ती झोपली होती. बरी होऊन घरी आली. म्हणून आम्ही आहों."

मग म्हणाली, "इथें आपण थोडा वेळ गप्प उभं राहूं."

राहिलो. सुनीता आणि काकू वरच्या बाजूला पिंपळाच्या सावलीत होत्या, काका त्यांच्यामागे पारावर टेकलेले. वसुधाही सावलीतच. मी फोटोसाठी खाली, पार शेवटच्या पायऱ्यांवर उतरले होते, भर उन्हात. मंडपाच्या सगळ्यांत जवळ मी होते. हे पुन्हा सांगते — सगळ्यांत जवळ मी होते.

पाण्याचा आवाज होता. पलीकडे कुठेतरी मोटारसायकल गेली. बस.

आणि एकदम मागून सुनीता — "ओ!"

मोठ्याने. स्वयंपाकघरातून आपण देतो ना, तशी. सगळ्यांनी वळून पाहिलं. तीही दचकली आणि ओशाळून हसली. "सॉरी हं... त्या बाईंनी हाक मारली ना, मला वाटलं मलाच. पण मला नव्हती."

"कोण बाई?" काकू म्हणाल्या. "मला नाही ऐकू आलं काही."

"तिकडून." सुनीताने मंडपाकडे बोट दाखवलं. "ताई, मुत्तू कोण हो?"

मी फोन खिशात ठेवला असावा. नक्की आठवत नाही.

"काय म्हणाली ती?"

"मुत्तू... गे मुत्तू, उन्हांत कां उभी? सावलीस ये. असंच काहीतरी. आणि हसल्या. का हो ताई? काय झालं?"

मुत्तू मी. तमिळमध्ये मुत्तू म्हणजे मोती. मी जन्मले तेव्हापासून आई मला त्याच नावाने हाक मारायची. पण पुण्यात ते नाव कसं ऐकू येणार, तुम्हीच सांगा! वाड्यातली पोरं नाक धरून हसायला लागली, तेव्हा बाबांनी सांगितलं की हे नाव बंद. मी तेव्हा चारएक वर्षांची. आईने ते बंद केलं म्हणजे केलंच. नितीनचा जन्मही तेव्हा झाला नव्हता. शाळेत, सासरी, कुठेच ते नाव कधी गेलं नाही. लाजेपोटी मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

मी पायऱ्या चढून वर गेले आणि सुनीताचा दंड धरला. "तुला हे नाव कुणी सांगितलं?"

"कुणी नाही हो..."

"खोटं बोलू नकोस. आईने सांगितलं?"

"आई बोलायच्या कुठे, ताई?"

"त्याआधी! त्याआधी कधीतरी सांगितलं असेल. सगळं तुलाच सांगायची ना!"

माझा आवाज चढला होता. सुनीता रडायला लागली. काकूंनी तिला जवळ घेतलं आणि माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी हात सोडला. वसुधा तोवर खाली जाऊन जाळीतून आत वाकून पाहत होती. आत एक शेळी झोपली होती, दुसरं काही नव्हतं.

"मुत्तू इथें पुष्कळांचं नांव असतं," ती वर येत म्हणाली. "कुणी आपल्या मुलास हाक मारली असेल."

मीही तेच धरून ठेवलं. पण सुनीताला तमिळचं अक्षर कळत नाही. तिला वाक्य कळलं म्हणजे ते मराठी होतं. वसुधा बिचारी आसपासच्या दोन-तीन मराठी घरांत विचारूनही आली. कुणी हाक मारली नव्हती, त्या घरांत मुत्तू कुणी नव्हतं. आणि त्या सगळ्या घाटावर उन्हात उभं असलेलं माणूस एकच होतं.

नितीनला फोन केला. "मुत्तू म्हणजे काय रे?" तो खो खो हसला. "ताई, बरी आहेस ना?"

सुनीतावर विश्वास ठेवायला किती वेळ लागला म्हणता? फार नाही. जेवणाच्या टेबलावर तिचं तोंड पाहूनच कळलं. ती घाबरली होती, आणि तिला वाटत होतं की आपणच काहीतरी चूक केली. "मला ओ द्यायला नको होती," असंच म्हणत होती. विश्वास बसला, पण हेवा गेला नाही. उलट आता त्याला काही धरबंधच राहिला नाही. आई गेल्यावर परत आली — आलीच असेल तर — माझ्यासाठी आली, माझं नाव घेतलं, मला सावलीत ये म्हणाली... आणि मी हातभर अंतरावर फोनमध्ये डोकं घालून उभी!

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनीता आंघोळीला गेली असताना मी एकटीच रिक्षा करून घाटावर गेले. त्याच पायरीवर उभी राहिले. ऊन चढेपर्यंत. मग लाज सोडून हाक मारली, "आई!" पुन्हा मारली. पलीकडे एक गृहस्थ आंघोळ करत होते. ते घाईघाईने पंचा गुंडाळत आले. "अम्मा?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यांना वाटलं, माझी आई घाटावर चुकली. मला तमिळ येत नाही, काय सांगणार? ते भले गृहस्थ ओल्या अंगाने घाटभर फिरून आले, पिंपळामागे पाहिलं, मंडपात पाहिलं, वर रस्त्यावर जाऊन दोन्ही बाजूंना पाहिलं. परत येऊन त्यांनी दोन्ही हात पसरले. नाहीत.

मी तिथेच बसून रडले. आई गेली त्या दिवशीही मी इतकी रडले नव्हते. ते बिचारे शेजारी उभे राहिले, रिक्षा मिळेपर्यंत.

दुपारच्या गाडीने चेन्नईला निघालो. तिरुविडैमरुदूर स्टेशन मागे पडलं, भाताची शेतं सुरू झाली. सुनीता म्हणाली, "ताई, एक सांगू? रागावू नका."

"सांग."

"तुम्ही म्हणता त्या आई होत्या. पण मला तो आवाज ओळखू आला नाही हो. आईंचा आवाज मी ऐकलाय की दहा-बारा वर्षं. तो कसा घोगरा होता. हा तसा नव्हता. तरुण बाई होती कुणीतरी. अगदी कोवळा, बारीक आवाज. बोलता बोलता हसणारा. म्हणून तर मला वाटलं, कुणी परकीच आहे."

सुनीता आमच्या घरात आली त्याच्या कितीतरी आधी आईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं होतं. घोगरा आवाज तेव्हापासूनचा. त्याआधीचा आवाज सुनीताने कधी ऐकला नाही. नितीन तेव्हा पाळण्यात होता. बाबा नाहीत, मावशी नाही.

या सगळ्याचा अर्थ काय, मला माहीत नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचला तर जरूर लिहा. मात्र सुनीताने बनवून सांगितलं असं लिहू नका, तो संशय मी स्वतःच घेऊन पाहिलाय. हल्ली मी दर रविवारी तिला फोन करते. इकडचं तिकडचं बोलते आणि मग म्हणते, कशी म्हणाली ते एकदा म्हणून दाखव ना. ती बिचारी प्रयत्न करते. तिच्या कराडकडच्या हेलात, नको तिथे हसत. मग म्हणते, "नाही जमत हो, ताई."

बारीक आवाज. बोलता बोलता हसणारा. तो ओळखेल असं आता जगात माझ्याशिवाय कुणी उरलेलं नाही... आणि तो ऐकू आला मात्र दुसऱ्याच कुणालातरी.