ओहोटीपुरती परवानगी
लाकडाला चोपडलेल्या माशाच्या तेलाचा वास आला की मला भाट्याच्या खाडीवरची ती जेट्टी आठवते आणि अजून डोकं तापतं. एका म्हाताऱ्या मिस्त्रींची शेवटची लाकडी होडी उधाणाच्या भरतीला पाण्यात जायची होती. "आता पुढे सगळं फायबरच. दुबईतल्या मुलाला दाखवायचीय, नीट व्हिडिओ काढा ओ," असं त्यांनी मला बजावलं होतं. जागा सरकारी, म्हणून मी रीतसर परवानगी मागायला गेलो. जेट्टी एका खात्याची, खालची वाळू दुसऱ्याची आणि पाणी तिसऱ्याचं निघालं. तिन्हीकडे चपला झिजवल्यावर परवानगी मिळाली, पण सुरक्षिततेसाठी चित्रीकरण फक्त ओहोटीच्या वेळी करावे, या अटीवर. ओहोटीला होडी पाण्यात जाणार कशी, असं विचारल्यावर परवानगी देणारे साहेब म्हणाले, "तो तुमचा प्रश्न." होडी पाण्यात जायच्या दिवशी नारळ वाढवायला प्रमुख पाहुणे म्हणून तेच साहेब आले आणि सगळा गाव मोबाइल उंचावून शूटिंग करू लागला. मी कॅमेरा काढताच रखवालदार धावत आला. "ओ, तुमची परवानगी ओहोटीची ना? मग थांबा." "आणि हे सगळे?" "त्यांनी कुठे मागितलीय?" मिस्त्रींच्या मुलाने होडी पाहिली ती कुणाच्या तरी हलत्या मोबाइलवर, साहेबांच्या पाठीआड. माझ्या कॅमेऱ्यात मात्र पाणी ओसरल्यावर चिखलात दिसलेला, तिच्या तळाने पाडलेला लांब चर आहे, अगदी रीतसर.